मार्गारिन: साठवण आणि पारख

मार्गारिनवर मराठीच्या अध्यापकाने बोलावे याचे तुम्हांला थोडे नवल वाटेल. हे काम रसायनशास्त्राच्या माणसाचे, नाही तर एखाद्या सुगरणीचे. मी या दोहोंपैकी कोणीच नाही. वर्गात व्याकरण शिकवावे आणि घरी ताटात पडेल ते मुकाट्याने खावे, असा माझा व्यवहार. परंतु आमच्या घरात एक प्रसंग घडला आणि त्यानंतर हा विषय मला शिकावा लागला. काही रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याकडून शिकलो, पुष्कळसे घरातल्या बायकांकडून शिकलो. जे शिकलो ते तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम हे मार्गारिन म्हणजे काय, ते पाहू. पुष्कळ घरांत ते येते, पण त्या नावाने येत नाही. दुकानात आपण ‘बटर द्या’ म्हणतो. दुकानदार पिवळी वडी किंवा डबा पुढे करतो. आपण पिशवीत टाकतो आणि घरी येतो. डब्यावरची बारीक अक्षरे वाचलीत तर कळेल, की कुठे ‘टेबल मार्गारिन’ लिहिलेले आहे, कुठे ‘बेकरी मार्गारिन’, तर कुठे ‘फॅट स्प्रेड’. नानकटाई, केक, बिस्किटे यांत ते जाते, पावाला लावले जाते, गाड्यावरच्या पावभाजीच्या तव्यावरही बऱ्याचदा तेच विरघळत असते. लोण्यासारखे दिसते, पण लोणी नव्हे. गाईम्हशीच्या दुधाऐवजी ते तेलापासून बनते.

याचा जन्म फ्रान्समध्ये झाला. सैन्याला, आरमाराला आणि गोरगरिबांना परवडेल, लोण्यापेक्षा स्वस्त पडेल आणि जास्त दिवस टिकेल, असा पदार्थ तिसऱ्या नेपोलियनला हवा होता. इपोलित मेज-मूरिएस नावाच्या रसायनज्ञाने तो तयार केला आणि १८६९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तेव्हा त्यात जनावराची चरबी होती. नावाचे मूळ ‘मोती’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे, कारण ज्या स्निग्धाम्लावरून ते नाव पडले त्याला मोत्यासारखी झाक होती. पुढे १९०२ मध्ये विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनज्ञाने पातळ तेल हायड्रोजन वायूच्या साहाय्याने घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि चरबीची जागा वनस्पतींच्या तेलांना घेता आली. त्याच कृतीच्या जोरावर १९३७ मध्ये आपल्याकडे ‘डालडा’ आला आणि घराघरांत पोहोचला. आज दुकानातला डबा घेताना त्यावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावा, म्हणजे शाकाहारी माणसाला शंका उरत नाही.

टिकावे म्हणूनच जो पदार्थ जन्माला घातला, तो नासतो कसा, असे तुम्ही विचाराल. मीही तसेच समजत होतो, आणि तिथेच फसलो.

आम्ही सोलापूरचे. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हांला ठाऊक आहेच, पण ऑक्टोबरची उष्णताही काही कमी नसते. २०२१ सालची गोष्ट. गणपतीच्या सुमारास एका दुकानात मार्गारिनची एक किलोची वडी बरीच स्वस्त मिळाली. मुदत जवळ आली होती म्हणून स्वस्त होती, आणि तसे दुकानदाराने सांगितलेही होते. मी म्हटले, दिवाळीला लागतेच आहे. घरी आणली. अर्धी वापरली, अर्धी उरली. आई म्हणाली, “फ्रीजमध्ये ठेव रे.” फ्रीज भरलेला होता. मी प्राध्यापकी थाटात म्हणालो, “अगं, वनस्पती तूप बाहेर राहतं ना वर्षानुवर्षं? मग याला काय होतंय?” आणि ती अर्धी वडी स्टीलच्या डब्यात घालून ओट्यावर, गॅसच्या बाजूला ठेवून दिली. ऑक्टोबरच्या उकाड्यात ती वितळली असणार, रात्री पुन्हा थिजली असणार. कोणी पाहिले नाही.

आता आईविषयी सांगायला हवे. आमच्या घरात आईचे नाक म्हणजे कायदा होता. तेल आले, तूप कढवले, डाळी भरल्या, की पहिला वास तिने घ्यायचा. ती ‘बरं आहे’ म्हणाली की बरे, ‘वास मारतोय’ म्हणाली की ते बाहेर. परंतु त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिला करोना झाला. ती बरी झाली, वास मात्र गेला. पुष्कळांचा महिन्या-दोन महिन्यांत परत आला, तिचा पुरता आला नाही. तिने ते कोणाला फारसे सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

दिवाळीला तिने नेहमीप्रमाणे नानकटाई केली. रंग छान, खुसखुशीत, वर वेलदोडा. पाहुणे आले, बशा फिरल्या. शेजारच्या काकूंनी अर्धी खाल्ली आणि अर्धी हळूच रुमालात गुंडाळली. मी पाहिले, पण काही बोललो नाही. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. तिने एक घास घेतला आणि मोठ्याने म्हणाली, “आजी, याला मेणखडूंचा वास येतोय.”

आई काही बोलली नाही. बशी उचलून आत गेली. दोन किलोंची नानकटाई होती, ती तिने एकटीने डब्यातून काढून कागदात बांधली. त्यानंतर कित्येक दिवस ती स्वयंपाकघरात पूर्वीसारखी रमली नाही. काही विचारले की म्हणायची, “मला काय कळतंय आता? तुम्हीच बघा.” एका वडीच्या पैशांची गोष्ट मी केव्हाच विसरलो, हे वाक्य मात्र विसरलो नाही. चूक माझी होती आणि कमीपणा तिला आला.

म्हणून आधी माझी चूक समजावून घ्या. वनस्पती तूप आणि मार्गारिन एकाच घरातले वाटतात, पण दोहोंत एक मोठा फरक आहे. वनस्पती तूप जवळजवळ सगळे स्निग्धच असते, पाण्याचा अंश त्यात नाममात्र असतो. मार्गारिनमध्ये शंभर भागांत ऐंशी भाग स्निग्धांश आणि सुमारे सोळा भाग पाणी असते. लोण्याचेही प्रमाण साधारण तसेच. आपल्या आज्या-पणज्या लोणी साठवीत नसत, कढवून तूप करीत, याचे कारण हेच. कढवताना पाणी उडून जाते आणि तूप महिनोन् महिने राहते. तेव्हा मार्गारिन डब्यात तुपासारखे दिसले, तरी सांभाळायचे मात्र लोण्यासारखे.

हे सोळा भाग पाणी मार्गारिनमध्ये कसे असते, तेही पाहण्यासारखे आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, इतके बारीक बारीक थेंब तेलात जागोजाग अडकवलेले असतात. थेंब इतके चिमुकले असतात, की एखादा जंतू आत सापडलाच तर त्याला वाढायला जागा पुरत नाही. ही घडी जोवर शाबूत आहे तोवर मार्गारिन सुरक्षित. पण वडी एकदा वितळली की थेंब एकमेकांना मिळतात, पाणी वेगळे होऊन तळाशी जमते, आणि थिजल्यावर वडी रवाळ दिसते. आता जंतूंना आणि बुरशीला अंगण मिळाले! माझ्या ओट्यावरच्या डब्यात हेच झाले होते.

यापुढे माझ्या विषयाचा, म्हणजे भाषेचा, थोडा उपयोग झाला. नासलेल्या अन्नाच्या वासाला मराठीत एकच शब्द नाही. खवट, आंबूस, कुबट, बुरसट, उबट, शिळकट असे कितीतरी आहेत. आपण ते सरसकट वापरतो. परंतु आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, “खवट वेगळं नि कुबट वेगळं. एक कसं असेल?” मी ते शब्द कागदावर लिहून सहकाऱ्याकडे नेले. तो हसला आणि म्हणाला, “अहो, हे तर आमचेच प्रकरण आहे. प्रत्येक शब्दामागे निराळे कारण आहे.” ती कारणे आता क्रमाने सांगतो.

पहिला शब्द खवट. जुन्या शेंगदाण्याची चटणी खाल्लेल्या सोलापूरकराला हा वास समजावून सांगायला नको. बाकीच्यांनी पावसाळ्यातले जुने सुके खोबरे आठवावे, किंवा रंगाऱ्याच्या उघड्या राहिलेल्या डब्याचा वास आठवावा. मुलीने म्हटलेले मेणखडू त्याच जातीचे. हे काम हवेचे. हवेतला प्राणवायू तेलाच्या कणांना लागतो, त्यांतून नवी द्रव्ये होतात, आणि ती द्रव्ये पुढच्या कणांना बिघडवतात. अशी ती साखळी एकदा सुरू झाली की आपोआप वेग घेते. ऊन, उष्णता आणि तांब्यालोखंडाचा स्पर्श यांनी ती आणखी भरभर चालते. जितके मार्गारिन मऊ, म्हणजे पातळ तेलाचा अंश जास्त, तितके ते खवट व्हायला नाजूक. कडक वडी त्या मानाने तग धरते.

दुसरा शब्द आंबूस. हे काम पाण्याचे. पाणी आणि जंतू मिळून स्निग्धाचे तुकडे पाडतात आणि त्यातली आम्ले मोकळी होतात. लोण्यात हा आंबूस वास फार उग्र येतो, कारण लोण्यातले एक आम्लच तसे आहे. मार्गारिनमध्ये तो सौम्य असतो. मात्र ज्यात खोबरेल किंवा पामच्या बियांचे तेल असते, त्याची चव अशा वेळी साबणासारखी लागते. जिभेवर साबण लागल्यासारखे वाटले तर तो तुमचा भ्रम नव्हे.

तिसरा शब्द कुबट किंवा बुरसट. ओल्या भिंतीचा, बंद पेटीतल्या कपड्यांचा जो वास, तो. हे काम बुरशीचे. वर काळे, हिरवे किंवा पांढरे केसाळ ठिपके दिसले तर वासाची वाट पाहायचे कारणच नाही. वरचा थर खरवडून खालचे वापरायची सवय आपल्याकडे फार आहे. पण मऊ पदार्थात बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. म्हणून ठिपका दिसला की सगळा डबा टाकायचा. ‘फॅट स्प्रेड’ नावाने जे मिळते त्यात स्निग्धांश कमी आणि पाणी जास्त असते, तेव्हा त्याला बुरशीची भीती अधिक.

चौथा प्रकार म्हणजे परका वास. हा नासण्याचा नव्हे, शेजाराचा. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण स्निग्ध पदार्थांना जितकी लागू आहे तितकी बैलांनाही नसेल. चिरलेला कांदा, लसूण, सुके बोंबील, कापलेले खरबूज यांच्याजवळ उघडे मार्गारिन ठेवलेत तर एका रात्रीत ते त्यांचा वास ओढून घेते. असे मार्गारिन नासलेले नसते, पण त्याची नानकटाई करू नये. लसणाच्या पावाला खुशाल वापरावे.

या कारणांवरून साठवणुकीचे नियम आपोआप निघतात. पाठ करावे लागत नाहीत.

उष्णतेने बिघाड वाढतो, म्हणून मार्गारिन फ्रीजमध्ये ठेवावे. उष्णता १० अंशांनी वाढली की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. फ्रीजमधले ४ अंश आणि उन्हाळ्यातल्या ओट्यावरचे ४४ अंश, यांत चार वेळा दुप्पट म्हणजे सोळा पटींचे अंतर पडते. फ्रीजमध्येही दारातल्या कप्प्यात ठेवू नये. दार उघडमीट होते तशी तिथली थंडी कमीजास्त होते. आत, मधल्या फळीवर मागच्या बाजूला ठेवावे. वीज गेली असेल तर फ्रीज सारखा उघडून पाहू नये.

हवा वैरी, म्हणून डबा लहान घ्यावा. अर्धा डबा रिकामा म्हणजे अर्धा डबा हवा. मूळच्या वेष्टनाचा कागद फाडून फेकू नये. तो वडीच्या अंगाला चिकटवून घ्यावा आणि मग झाकण लावावे. उजेड वैरी, म्हणून पारदर्शक बरणी ओट्यावर शोभेला मांडू नये. तांबे, लोखंड आणि कल्हई गेलेले पितळ वर्ज्य. स्टीलचा किंवा मूळचाच डबा उत्तम.

पाणी वैरी, म्हणून ओला चमचा वैरी. हा नियम आपल्या घरात तुपासाठी आणि लोणच्यासाठी पाळला जातोच, मार्गारिनला तेवढा का चुकावा? पावाला लावायची सुरी पुन्हा डब्यात घालताना तिच्याबरोबर पावाचा चुरा जातो, कधी जॅम जातो. ती बुरशीची शिदोरीच. सकाळी लागेल तेवढे कोरड्या चमच्याने वाटीत काढावे, आणि वाटीतले उरलेले डब्यात परत घालू नये.

परत घालू नये यावरून एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. जुन्या डब्यात थोडे उरले आहे, नवा डबा आला आहे, तर दोन्ही एकत्र करायचा मोह काटकसरी माणसाला होतोच. पण एक नासका आंबा सारी अढी नासवतो. खवटपणाची साखळी जुन्यात सुरू झालेली असेल तर ती नव्यात शिरते. जुने आधी संपवा, डबा साबणाने धुऊन, पुसून, कोरडा करा आणि मगच नवे भरा.

मोठी वडी स्वस्त पडते हे खरे, आणि ती आणू नये असे मी म्हणत नाही. ऐंशी टक्के स्निग्धांशाची वडी बर्फाच्या कप्प्यात चांगली राहते. आणल्या दिवशीच तिचे पाव-पाव किलोचे तुकडे करावे, प्रत्येक तुकडा कागदात आणि मग पिशवीत घट्ट बांधावा, आणि लागेल तसा एकेक आदल्या रात्री खालच्या फळीवर आणून ठेवावा. ‘फॅट स्प्रेड’ मात्र गोठवू नये. त्यातले पाणी सुटून त्याचे दही झाल्यासारखे होते.

तारखेविषयी दोन शब्द. डब्यावर छापलेली मुदत ही न उघडलेल्या आणि सांगितल्याप्रमाणे थंड ठेवलेल्या डब्याची असते. तुम्ही डबा उघडलात की नवे घड्याळ सुरू होते, आणि त्याची नोंद कोणी छापून देत नाही. ती तुम्हीच करायची. झाकणावर कागदाची चिठ्ठी चिकटवून ‘उघडले’ असे लिहावे आणि पुढे तारीख घालावी. उघडलेला डबा दीड-दोन महिन्यांत संपवायचा, असा आम्ही आमच्या घरापुरता नियम केला आहे. डब्यावर याहून कमी दिवस सांगितले असतील तर ते पाळावे.

आता पारख. फ्रीजमधून काढून लगेच वास घेतलात तर काही कळणार नाही, कारण थंडीत वास दबून राहतो. आमच्या घरची रीत अशी आहे. कोरड्या चमच्याने थोडे वरून आणि थोडे मधून काढावे, दोन बशांत निरनिराळे ठेवावे आणि पंधरा-वीस मिनिटे तसेच राहू द्यावे. बिघाड हवेकडून, म्हणजे वरून सुरू होतो. म्हणून दोन्हींचा वास वेगळा आला तर समजावे की सुरुवात झाली आहे. एवढ्याने खात्री पटली नाही तर चमचाभर मार्गारिन कपात घालून त्यावर कढत पाणी ओतावे, वर बशी झाकावी, दोन मिनिटांनी बशी उचलून वास घ्यावा. वाफेबरोबर खवटपणा लपत नाही. त्यानंतरही शंका असेल तर तांदळाच्या दाण्याएवढे जिभेवर ठेवून थुंकून टाकावे. घशाशी खवखव झाली किंवा कडवट चव रेंगाळली की निकाल लागला. बुरशी दिसली असेल तर मात्र ना वास घ्यायचा, ना चव.

काही गोष्टी पाहून उगीच घाबरू नये. वडीचा पृष्ठभाग आतल्यापेक्षा गडद पिवळा झाला असेल, तर बहुधा वरचे पाणी उडून गेले आहे, एवढाच त्याचा अर्थ. वास ठीक असेल तर तो पातळ थर काढून बाकीचे वापरावे. झाकणाच्या आत पाण्याचे चार थेंब दिसले तर पुसून घ्यावे. पण तळाला पाणी साचले आहे, वडी रवाळ झाली आहे, तर ती केव्हातरी वितळली होती असे धरून चालावे आणि वर सांगितलेली परीक्षा घ्यावी.

“तळलं की वास जातो”, “वेलदोडा जास्त घाल, कळणार नाही”, असे सल्ले तुम्हांला मिळतील. तळताना वास घरभर पसरतो म्हणून कढईतला कमी वाटतो, पदार्थातून तो जात नाही. दुसऱ्या दिवशी डबा उघडला की पुन्हा समोर उभा. वेलदोड्याची करामत तर आम्ही पाहिलीच. खवट मार्गारिनचा एखादा घास पोटात गेला म्हणून लगेच कोणी आजारी पडत नाही, तेव्हा घाबरून जाऊ नये. पण त्यातली अ आणि ई ही जीवनसत्त्वे नष्ट झालेली असतात, आणि बिघाडातून झालेली द्रव्ये रोज पोटात जाणे बरे नव्हे. तेल-तुपाच्या गुणवत्तेविषयी आता कायदाही जागरूक झाला आहे. घट्ट केलेल्या तेलांतून येणारी ट्रान्स फॅट नावाची अपायकारक चरबी १ जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात दोन टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. परंतु कारखान्याच्या दारापर्यंत कायदा पोहोचतो, तुमच्या ओट्यापर्यंत नाही. तिथे तुमचीच नजर.

टाकायची वेळ आली तर ते मोरीत ओतू नका, नळी तुंबते. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. आणि एक गोष्ट जरा स्पष्ट सांगतो, राग मानू नका. आपल्या घरांतून टाकायचे जिवावर आले की ‘कामवालीला देऊ या, तिची मुलं खातील’ असे सहज म्हटले जाते. जे आपल्या मुलाला द्यायला आपण धजत नाही, ते दुसऱ्याच्या मुलासाठी हातावर ठेवणे याला दान म्हणत नाहीत. द्यायचेच असेल तर चांगले असताना द्यावे.

शेवटी पुन्हा नाकाकडे येतो. वयाबरोबर वासाची जाणीव मंद होत जाते, सर्दीने ती जाते, तपकीर-तंबाखूने बोथट होते. म्हणून कोणत्याही घराने एकाच नाकावर विसंबू नये. आमच्या आईवर आम्ही पन्नास वर्षे विसंबलो, आणि तिचे नाक थकले तेव्हा ते आमच्या लक्षातही आले नाही. आपल्या घरात कोणी वडीलधारे माणूस हल्ली पदार्थात मीठ-मसाला जास्त घालते आहे का, दूध उतू गेलेले त्याला कळत नाही का, हे जरा पाहा आणि प्रेमाने विचारा. गॅसची गळतीही वासानेच कळते, म्हणून हा प्रश्न नुसत्या नानकटाईचा नाही.

त्या दिवाळीनंतर आमच्या डॉक्टरांनी आईला रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू असे ओळखीचे वास लक्षपूर्वक घ्यायला सांगितले. पण तिला पुन्हा स्वयंपाकघरात आणले ते मुलीने. तिला आजीचे ते शब्द फार आवडले होते. एके दिवशी ती डबा घेऊन आजीकडे गेली आणि म्हणाली, “आजी, वास मी घेते, तू मला विचार.” आई विचारू लागली, “शेंगदाण्यासारखा येतोय की ओल्या भिंतीसारखा? वरचा आणि मधला सारखाच आहे का? घशाशी लागतंय का?” मुलगी सांगत गेली आणि आईने निकाल दिला, “खवट नाही. फ्रीजमधल्या कांद्याचा वास लागलाय. झाकण नीट लावत जा.” डबा बरोबर होता आणि कांदाही शेजारीच होता.

तेव्हापासून आमच्याकडे हीच पद्धत आहे. नाक नातीचे आणि निवाडा आजीचा. झाकणावरची तारीख मी लिहितो, एवढेच काम माझ्याकडे दिले आहे. आईला आता लवंगेचा वास थोडाथोडा येतो. खवट अजून कळत नाही. पण “मला काय कळतंय” असे ती हल्ली म्हणत नाही.

आज घरी गेल्यावर तुमचा डबा एकदा उघडून पाहा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हाक मारून मग उघडा.